केरसुणी आणि खतावणी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी महाराष्ट्रातील दुकानांतून पूजेच्या पाटावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या आढळतात. एक शिंदीच्या पानांची नवी केरसुणी व दुसरी तांबड्या कापडात बांधलेली कोरी वही. दोघींनाही हळदकुंकू वाहिले जाते, दोघींपुढेही लाह्या-बत्तासे ठेवले जातात, आणि केरसुणीला तर ‘लक्ष्मी’ याच नावाने संबोधिले जाते. वही म्हणजे व्यापाऱ्याची अब्रू. तिची पूजा व्हावी हे कोणासही पटण्यासारखे आहे. परंतु केर काढण्याच्या साधनास तिच्या बरोबरीचा मान का मिळावा? श्रद्धावंताचे उत्तर असे की, स्वच्छता असेल तेथेच लक्ष्मी वास करते. हे उत्तर खोटे नव्हे. तथापि व्यापाराच्या इतिहासाकडे पाहिले असता त्यास आणखी एक उत्तर सापडते. दुकानाची वार्षिक झाडलोट आणि दुकानाचा वार्षिक हिशेब ही मुळात एकाच कामाची दोन अंगे होती. आपल्यापाशी खरोखर काय आहे आणि काय केवळ असल्यासारखे दिसते, याची निवड करणे हेच ते काम.

व्रतनिबंधांतून या रात्रीचा एक जुना आचार वर्णिला आहे. मध्यरात्र उलटत आली म्हणजे स्त्रियांनी सूप व डिंडिम वाजवीत अलक्ष्मीला आपल्या घराच्या अंगणातून हाकलून लावावे, असे तेथे सांगितले आहे. अलक्ष्मी ही लक्ष्मीची थोरली बहीण, म्हणून तिला ज्येष्ठा असेही म्हणतात. समुद्रमंथनात ती लक्ष्मीच्या आधी वर आली अशी पुराणकथा आहे. धाकटी यावयाची तर थोरलीने आधी जागा सोडली पाहिजे, असा त्या आचाराचा भाव. घरापुरते पाहिले तर अलक्ष्मी म्हणजे दारिद्र्य, कलह आणि घाण. दुकानात तिचे रूप अधिक फसवे असते. कारण तेथे ती विकत आणलेल्या मालाच्या वेषात फळीवर बसलेली असते.

ही झाडलोट नेमकी आश्विनातच का पडली, हे आपल्याकडील हवामान व शेती यांवरून ध्यानी येते. चार महिन्यांच्या पावसाने दुकानाच्या भिंतींना ओल धरलेली असते. किराणा-भुसाराच्या दुकानात डाळीला टोके लागलेले असतात, गूळ पाझरलेला असतो, खालच्या थरातील गोण्यांचे बारदान कुजलेले असते. कापडवाल्याकडे लोकरीच्या मालाला कसर लागलेली असते. आश्विनाचे ऊन पडू लागले म्हणजे हे सर्व बाहेर काढून वाळविता येते, भिंतींना चुना देता येतो आणि उंदरांची बिळे बुजविता येतात. शिवाय याच सुमारास खरिपाचे नवे धान्य बाजारात येऊ लागते व त्यास जागा करणे भाग असते. चिखलाने अडलेले गाडीरस्ते मोकळे होतात, पावसाळ्यात थंडावलेली किनाऱ्यावरील गलबतांची ये-जा पुन्हा वाहती होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, शेतकऱ्याच्या हाती पीक आल्यामुळे वर्षभराची उधारी वसूल होण्याचा हाच काळ असतो. माल हलविण्याचा, पैसा येण्याचा आणि जागा रिकामी करण्याचा योग एकाच पंधरवड्यात जुळून येत असल्यामुळे व्यापाऱ्यांचे वर्षही तेथेच संपू लागले, यात नवल नाही. गुजरातेत विक्रम संवताचा आरंभ कार्तिक शुद्ध प्रतिपदेस होतो. महाराष्ट्रात पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होत असूनही दुकानदाराची नवी वही मात्र दिवाळीच्या पाडव्यालाच उघडत आली, ती याच कारणाने.

आता वहीचे काम पाहू. जुन्या पद्धतीच्या दुकानात मुख्य वह्या दोन. पहिली रोजकीर्द. तीत दिवसाचा जमाखर्च घडेल त्या क्रमाने मांडावयाचा, आणि रात्री गल्ल्यातील रोकड मोजून ती वहीतील शिलकेशी ताडून पाहावयाची. दुसरी खतावणी. तीत रोजकिर्दीतील रकमा ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यावर चढवावयाच्या. या दोन वह्या नीट ठेवल्या तर दुकानदारास रोकड किती आणि कोणाकडे किती येणे हे कोणत्याही दिवशी सांगता येई. परंतु एक गोष्ट या दोन्ही वह्या सांगू शकत नसत, व ती म्हणजे दुकानात पडलेल्या मालाची आजची किंमत. ती कळण्यास फळीवरचा डबा खाली उतरवून त्याचे झाकणच उघडावे लागे.

हा मुद्दा एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका दुकानदाराने हजार रुपयांच्या मालावर वर्ष सुरू केले, वर्षात पाच हजारांचा माल खरेदी केला आणि पाच हजार सहाशेची विक्री केली. वर्षअखेरीस दुकानात हजार रुपयांचा माल शिल्लक आहे असे त्याने लिहिले, तर इतर खर्च सोडता त्याचा नफा सहाशे रुपये निघतो. पण त्या हजारांपैकी तीनशे रुपयांचा माल कसर लागलेला, विटलेला किंवा कोणी विचारीत नाही असा असेल, तर खरी शिल्लक सातशेचीच, आणि नफा तीनशेचाच. वही मात्र सहाशेच म्हणत राहील. तो त्या सहाशेच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवील, माडी चढवील, नवा माल उधारीवर उचलील. कागदावरचा नफा असा खर्चात पडतो आणि तो कधी झालाच नव्हता हे कळते ते पेठेतील सावकार दारात उभा राहिल्यावर. केरसुणीने जे काम करावयाचे ते हेच: तीनशे रुपयांचा तो केर वर्ष संपण्यापूर्वी धन्याच्या दृष्टीस पाडणे.

हे संकट केवळ आपल्याच पेठांतील नव्हते. इटलीतील गणिती व फ्रान्सिस्कन संन्यासी लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणिताच्या मोठ्या ग्रंथात द्विनोंदी हिशेबपद्धतीवर एक प्रकरण घातले आहे. त्या प्रकरणाचा आरंभ वह्यांपासून होत नाही, तर मालमत्तेच्या यादीपासून होतो. व्यापाऱ्याने प्रथम आपल्यापाशी असलेली प्रत्येक वस्तू पाहावी, मोजावी व लिहून काढावी. रोकड, जडजवाहीर अशा मौल्यवान व सहज हरवण्याजोग्या वस्तूंपासून सुरुवात करावी. आणि ही सारी यादी एकाच दिवशी पुरी करावी, असे तो बजावतो. एकाच दिवशी, याचे कारण उघड आहे. आज वखार मोजली आणि चार दिवसांनी दुकान मोजले, तर मधल्या काळात वखारीतून दुकानात आलेला माल दोनदा मोजला जातो, किंवा मुळीच मोजला जात नाही.

पाचोलीचा हा उपदेश होता. फ्रान्सने त्याचा कायदा केला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७३ च्या मार्च महिन्यात व्यापारविषयक एक राजाज्ञा काढली. तिच्या रचनेत झाक सावारी नावाच्या पॅरिसच्या एका व्यापाऱ्याचा इतका मोठा वाटा होता की, लोक तिला सावारीची संहिता म्हणू लागले. प्रत्येक व्यापाऱ्याने सहा महिन्यांच्या आत आपल्या चीजवस्तूंची व देण्याघेण्याची सही केलेली यादी करावी आणि दर दोन वर्षांनी ती तपासून नव्याने करावी, असे तीत फर्माविले होते. या आज्ञेमागे दिवाळखोरीचा प्रश्न होता. व्यापारी बुडे तेव्हा त्याच्या वह्या मागितल्या जात. त्या पुढे न आणणारास लबाड दिवाळखोर ठरविता येई, आणि लबाड दिवाळखोरास त्या राजाज्ञेने मृत्युदंड सांगितला होता. दुकानातील शिल्लक नीट न मोजणे ही धन्याची खासगी हयगय न राहता, त्याला माल व पैसा उधार देणाऱ्या सर्वांशी केलेला दगा ठरली.

याच सावारीने १६७५ साली व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात नमुन्याची यादी देऊन तो सांगतो की, मालाची किंमत वास्तवापेक्षा अधिक धरून स्वतःस श्रीमंत समजू नये. जो माल खराब होऊ लागला आहे किंवा ज्याची आवड ओसरत चालली आहे, त्याची किंमत उतरवावी; आणि नवा घेतलेला मालही आज कारखानदाराकडे कमी भावात मिळत असेल, तर तो त्याच कमी भावाने लिहावा. आजच्या हिशेबशास्त्राचा जो सर्वमान्य नियम आहे, की शिल्लक मालाला खरेदीची किंमत किंवा विकून हाती येणारी किंमत यांपैकी जी कमी असेल ती लावावी, त्याच्या आरंभीच्या लेखी उल्लेखांत या ग्रंथाची गणना होते. ज्या लेखकाने हे लिहिले तो स्वतः दुकानावर बसलेला होता. जुन्या मालाची किंमत उतरविताना धन्याच्या मनास काय होते, हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

योगायोग असा की, ज्या १६७३ साली फ्रान्समध्ये ही राजाज्ञा निघाली, त्याच साली जपानात एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, मित्सुई ताकातोशी याने एचिगोया नावाचे कापडाचे दुकान उघडले. त्या काळचे मोठे जपानी कापडवाले घरोघरी माल पाठवीत, भाव माणूस पाहून सांगत आणि पैसे वर्षातून एकदोनदा घेत. मित्सुईने दुकानात येणाऱ्यास रोख पैशाने, एकाच ठरलेल्या भावाने, आणि हवे तेवढे कापड कापून देण्याची प्रथा रूढ केली. उधारी नसल्यामुळे पैसा लौकर फिरे व भाव कमी ठेवता येई. तथापि ठाण फाडून विकू लागले की तुकडे उरणारच, आणि तुकड्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न जगातील प्रत्येक कापडवाल्यास सुटलेला नाही.

जपानी व्यापाऱ्यांनी त्याची सांगड धर्माशी घातली. क्योतो व ओसाका या भागांत जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी व्यापारी एका देवस्थानात जाऊन वर्षभर धंद्यात केलेल्या खोट्या बोलण्याबद्दल क्षमा मागत. या दिवसाचे नावच ‘सेइमोन-बाराई’, म्हणजे शपथांचे क्षालन. त्याच दिवशी दुकानांतून उरलेले तुकडे व जुना माल अगदी स्वस्तात विकला जाई. गिऱ्हाइकास चढ्या भावाने दिले त्याची ही काहीशी परतफेड होय, असा त्यामागील समज होता. पाप आणि पडून राहिलेला माल या दोहोंचा निचरा एकाच दिवशी करण्याची ही युक्ती मोठी मार्मिक म्हटली पाहिजे; कारण गिऱ्हाइकास सांगितलेले असत्य आणि स्वतःच्या वहीत लिहिलेले असत्य ही परस्परांपासून फार दूर नसतात.

खरी झाडलोट याहून पुढे, बाराव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी होई. तिचे नाव ‘सुसुहाराई’, म्हणजे काजळी झाडणे. शेगड्या व तेलाचे दिवे यांनी वर्षभर धरलेली काजळी पाने राखलेल्या लांब बांबूंनी झाडली जाई, जमिनीवरच्या चटया उचलून झटकल्या जात. काम आटोपल्यावर नोकरमंडळी कोणाला तरी, प्रसंगी धन्यालाही, उचलून हवेत झेलीत आणि मग सर्वांस जेवण मिळे. त्यानंतर वर्षाच्या अखेरच्या दिवसापर्यंत उधारीची वसुली चाले. इहारा साइकाकु या कथाकाराने १६९२ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथासंग्रहात केवळ या अखेरच्या दिवसाच्याच कथा सांगितल्या आहेत. कोणी ऋणको लपून बसतो, कोणी वेड घेतो, कोणी वसुलीस आलेल्यालाच घाबरवून सोडतो. झाडलोट, जुन्या मालाची विक्री, देण्याघेण्याचा निकाल आणि मग नवे वर्ष, हा क्रम आपल्या दिवाळीशी किती जुळता आहे हे वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मोठी भांडारे निघाली आणि या वार्षिक कामाने नवे वळण घेतले. आरिस्तिद बूसिको याने १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ हे दुकान वाढवीत नेले. त्याचे सूत्र असे की, प्रत्येक नगावर थोडाच नफा घ्यावा, परंतु माल वर्षातून अनेकदा फिरवावा. जो माल हलत नाही तो भाव उतरवून काढून टाकावा आणि त्या पैशाने हलणारा माल आणावा. वर्षातून एकदा करावयाची झाडणी त्याने अशा रीतीने बारमाही केली. एमिल झोला याने १८८३ साली अशाच एका भांडारावर कादंबरी लिहिली. तीत ऑगस्टच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या वार्षिक मोजदादीला एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. दारे बंद आहेत, शेकडो नोकर कपाटांतून माल उपसून त्याची नावे व किमती ओरडून सांगत आहेत, आणि रात्र होण्यापूर्वी आकडा निघालाच पाहिजे. पाचोलीने सांगितलेला एक दिवसाचा नियम येथे जसाच्या तसा दिसतो. त्याच कादंबरीत त्या झगझगीत भांडारासमोर बोदू नावाच्या वृद्ध कापडवाल्याचे अंधारे, ओलसर दुकान आहे. तेथे वर्षानुवर्षांच्या मालाचे गठ्ठे आढ्यापर्यंत रचलेले आहेत व गिऱ्हाईक दिसत नाही. भांडाराने त्याला बुडविले हे खरेच. परंतु त्या गठ्ठ्यांत अडकलेले भांडवल त्याच्या कामी येऊ शकत नव्हते, हेही वाचकाच्या लक्षात येते.

लहान दुकानदारास जुना माल टाकवत का नाही, याचा विचार सहानुभूतीनेच केला पाहिजे. मोठ्या भांडारात खरेदी करणारा एक असतो व मोजणारा दुसरा. मोजणारास त्या ठाणाविषयी ममता नसते. लहान दुकानात दोन्ही माणसे एकच. जो नग पडून आहे तो त्यानेच पसंत केलेला असतो, भाव त्यानेच ठरविलेला असतो. तो मोडीत काढणे म्हणजे आपल्या पसंतीची चूक आपल्याच हाताने लिहिणे होय. शिवाय आशा असतेच. पुढल्या लग्नसराईत जाईल, जत्रेत जाईल, एखादा खेडेगावचा गिऱ्हाईक नेईल. काही वेळा तसे होतेही, आणि तेवढ्या एका उदाहरणावर पुढील दहा वर्षे माल साठत राहतो. म्हणूनच ही निवड मनाच्या लहरीवर न सोपविता तिथीवर सोपविण्यात पूर्वजांचे शहाणपण होते. अमावास्या आली की कपाट रिकामे झालेच पाहिजे. नवी वही उघडावयाची तर जुनी बंद झालीच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात एक झाडलोट सरकारनेच घडवून आणली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि वहीतील रुपये-आणे-पैचे तीन रकाने जाऊन दोन राहिले. पाठोपाठ १९५८ ते १९६२ या काळात मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, अच्छेर, पावशेर, छटाक ही पिढ्यानपिढ्यांची वजने तागडीजवळून उठली व मोडीच्या भावाने गेली. भाषेत ती बराच काळ टिकली. पावशेर हा शब्द तर आजही बाजारात ऐकू येतो.

दुसरा फेरफार याहून शांतपणे झाला. सरकारी हिशेबाचे वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालत आले आहे. तथापि प्राप्तिकराच्या कामी व्यापाऱ्यास आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा होती, व अनेकजण दिवाळी ते दिवाळी असेच वर्ष धरीत. १९८९-९० या आकारणी वर्षापासून ही मुभा संपली आणि सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. वहीपूजन बंद पडले नाही. आता तर वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. परंतु पाटावरच्या त्या दोन वस्तूंची ताटातूट झाली. केरसुणी आश्विनात राहिली, खतावणी फाल्गुन-चैत्रात गेली. दिवाळीत दुकान झाडले जाते, रंगविले जाते, दिव्यांनी उजळते, पण त्या वेळी माल मोजण्याची निकड नसते. मार्चअखेर शिल्लक मालाचा आकडा द्यावा लागतो, पण त्या वेळी कपाटे रिकामी करण्याची रीत नाही. मग तो आकडा पुष्कळदा अंदाजाने येतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने आणखी एक अडचण घातली आहे. जो माल नष्ट केला किंवा हिशेबातून कमी केला, त्याच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट परत करावी लागते. टाकून देण्यासही किंमत पडते, हे पाहून ती खोकी पुन्हा वरच्या फळीवर चढतात.

हे वर्ष कोणी मागे फिरवू शकणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. दुकानदारास मात्र दोहोंची गाठ पुन्हा घालता येण्यासारखी आहे. दिवाळीपूर्वी डबे व ठाणे खाली उतरतातच. त्याच वेळी ती मोजून, सावारीने सांगितल्याप्रमाणे आजच्या भावाने एका कागदावर लिहिली, तर विटलेला माल कोणता हे सणाची गर्दी येण्यापूर्वीच कळते आणि कमी भावाने का होईना, तो खपविण्यास गिऱ्हाईक दारात असते. मार्चमध्ये तीच यादी हाताशी धरून पुढचा हिशेब करता येतो. पाटावर केरसुणीशेजारी वही मांडणाऱ्यांनी हा विचार शब्दांत मांडला होता की नाही, हे इतिहास सांगत नाही. त्या दोन वस्तू त्यांनी एकाच रात्री एकत्र ठेवल्या, एवढे मात्र आजही पाहावयास मिळते.